एका शोधपत्रिकेचे नामांतर : स्मृतीच्या विज्ञानाची साठ वर्षे (थ्रेड)

१/ मानसशास्त्राच्या एका शोधपत्रिकेचा तेविसावा खंड १९८४ साली 'जर्नल ऑफ व्हर्बल लर्निंग अँड व्हर्बल बिहेवियर' या नावाने पूर्ण झाला. १९८५ साली चोविसावा खंड निघाला, तो मात्र 'जर्नल ऑफ मेमरी अँड लँग्वेज' या नावाने. खंडांची गणती अखंड राहिली, प्रकाशनसंस्था तीच राहिली. मुखपृष्ठावरून 'शाब्दिक अध्ययन' आणि 'शाब्दिक वर्तन' हे शब्द उतरले आणि 'स्मृती' व 'भाषा' हे शब्द चढले. मनुष्याच्या मनाविषयी बोलण्याची भाषाच त्या दोन दशकांत कशी पालटली, हे या नामांतरात वाचता येते. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ इतिहासाच्या वाचकांनी मानसशास्त्राच्या पत्रिकेकडे का वळावे? कारण आपला बराचसा व्यवहार इतरांच्या स्मृतीवर चालतो. बखर, कैफियत, आत्मचरित्र, न्यायालयातील साक्ष, मौखिक इतिहासाची मुलाखत, हे सारे कोणाच्या तरी आठवणीतून उतरलेले असते. साक्षीदाराला आठवते ते त्याने पाहिलेलेच असते का? पुनःपुन्हा कानी पडलेले विधान खरे का वाटू लागते? मोजक्या उदाहरणांवरून व्यापक निष्कर्ष कितपत काढावा? या तिन्ही प्रश्नांवरचे अत्यंत गाजलेले शोधनिबंध याच एका पत्रिकेत प्रसिद्ध झाले.

३/ पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. स्मृतीचा प्रयोगशाळेतील अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांच्या १८८५ सालच्या ग्रंथापासून सुरू झाला, असे मानले जाते. प्रयोग करणारे तेच आणि प्रयोग झाले तेही स्वतःवरच. अर्थाचा पूर्वसंस्कार टाळावा म्हणून त्यांनी निरर्थक अक्षरगट रचले, ते पाठ केले आणि किती काळाने किती विसरले जाते याची मोजदाद केली. विस्मरणाचा आलेख प्रथम वेगाने घसरतो आणि मग संथ होतो, हा त्यांचा निष्कर्ष आजही पाठ्यपुस्तकांत आहे. पण या शिस्तीची किंमत मोठी होती. स्मृतीच्या अभ्यासातून अर्थच वजा झाला.

४/ पुढे १९१३ साली जॉन वॉटसन यांनी वर्तनवादाचा जाहीरनामा मांडला. डोळ्यांना दिसते आणि मोजता येते तेच विज्ञान. 'मन', 'जाणीव', 'प्रतिमा' हे शब्द संशयास्पद. अमेरिकेतील मानसशास्त्रावर या विचाराची छाया पुढली काही दशके होती. स्मृतीचे अभ्यासक सगळेच कट्टर वर्तनवादी नव्हते, पण त्यांची परिभाषा उद्दीपक आणि प्रतिसाद यांचीच राहिली. शब्दांच्या जोड्या पाठ करवून घ्याव्यात, एक शब्द दाखवून दुसरा विचारावा आणि चुका मोजाव्यात, असे या प्रयोगांचे स्वरूप असे. या शाखेचे नाव होते 'शाब्दिक अध्ययन'.

५/ १९५९ साली या शाखेतील प्रमुख संशोधक एका परिषदेसाठी एकत्र आले. तिचे निबंध चार्ल्स कोफर यांच्या संपादनाखाली १९६१ साली ग्रंथरूपाने निघाले आणि त्या ग्रंथाचे नाव होते 'व्हर्बल लर्निंग अँड व्हर्बल बिहेवियर'. पुढल्याच वर्षी, १९६२ मध्ये, अॅकॅडेमिक प्रेसने त्याच नावाची शोधपत्रिका सुरू केली. संस्थापक-संपादक होते बर्कलीचे लिओ पोस्टमन. विखुरलेल्या संशोधकांना हक्काचे व्यासपीठ मिळाले आणि शाखेला आपली ओळख मिळाली.

६/ गंमत अशी, की ज्या परिभाषेचे नाव या पत्रिकेने धारण केले, तिच्या पायाखालची जमीन तोवर हलू लागली होती. माणसाची तत्काल स्मृती एका वेळी सुमारे सात घटक पेलते, हा जॉर्ज मिलर यांचा निबंध १९५६ सालचा. बी. एफ. स्किनर यांचे 'व्हर्बल बिहेवियर' १९५७ साली आले आणि १९५९ साली नोम चॉम्स्की यांनी त्याचे अत्यंत कठोर परीक्षण लिहिले. कधी न ऐकलेली वाक्ये माणूस सहज बोलतो आणि समजतो. केवळ सवय आणि बक्षीस यांनी त्याचा उलगडा होत नाही, हा त्या टीकेचा गाभा. नवी पत्रिका जन्मली ती अशी ऐन संधिकाळात.

७/ प्रवाह वळला तो पत्रिकेच्या पानांवरच. १९६६ साली मरे ग्लँझर आणि अनिता क्युनिट्झ यांचा निबंध आला. शब्दांची यादी ऐकवून लगेच विचारले, तर आरंभीचे आणि शेवटचे शब्द चांगले आठवतात, मधले निसटतात. यादी संपल्यावर अर्धा मिनिट मोजणीच्या कामात घालवायला लावले, तर शेवटच्या शब्दांचा लाभ नाहीसा होतो. आरंभीच्या शब्दांचा टिकतो. म्हणजे या दोन परिणामांमागे दोन वेगळे साठे असावेत, असा लेखकांचा तर्क. 'साठा' हा शब्द इथे महत्त्वाचा. वर्तनाच्या पत्रिकेत मनाच्या अंतर्गत रचनेची चर्चा उघडपणे सुरू झाली होती.

८/ त्याच वर्षी एंडेल टुलविंग आणि झेना पर्लस्टोन यांनी आणखी एक भेद मांडला. विद्यार्थ्यांना १२, २४ वा ४८ शब्दांच्या याद्या दिल्या. शब्द निरनिराळ्या वर्गांतले होते. काहींना कोऱ्या कागदावर आठवतील ते लिहायला सांगितले, काहींना वर्गांची नावे समोर दिली. नावे मिळालेल्यांनी, विशेषतः लांब याद्यांमधले, कितीतरी अधिक शब्द सांगितले. अर्थात हे शब्द पहिल्या गटाच्या मनातही असलेच पाहिजेत. त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट मात्र त्यांना सापडली नव्हती.

९/ स्मृतीत 'असणे' आणि स्मृतीतून 'हाती लागणे' या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या प्रयोगाचे सार. दप्तरखान्यात काम केलेल्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. पेशवे दफ्तरात लक्षावधी मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. कागद शाबूत आहे, पण सूची नाही, तर अभ्यासकाच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखा. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कागद नवे निर्माण झाले नव्हते. वाट तयार झाली होती. टुलविंग यांनी स्मृतीविषयी नेमका हाच भेद प्रयोगाने दाखवला.

१०/ १९६९ साली टुलविंग स्वतः पत्रिकेचे संपादक झाले. त्याच वर्षी अॅलन कॉलिन्स आणि रॉस क्विलियन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ज्ञान मनात उतरंडीसारखे रचलेले असते, अशी त्यांची कल्पना : कॅनरी हा पक्षी, पक्षी हा प्राणी. मग 'कॅनरी पिवळा असतो' हे विधान पारखायला कमी वेळ लागावा आणि 'कॅनरीला त्वचा असते' हे पारखायला अधिक, कारण दुसऱ्यासाठी मनाला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. मोजलेले वेळ तसेच निघाले. ही मांडणी संगणकातील माहितीच्या रचनेवरून सुचलेली होती.

११/ पण त्याच पत्रिकेत १९७३ साली लान्स रिप्स, एडवर्ड शोबेन आणि एडवर्ड स्मिथ यांनी या उतरंडीला प्रश्न विचारला. उतरंडीत एकाच पायरीवर असलेले सगळे पक्षी मनाला सारखे जवळचे नसतात. काही पक्षी 'अस्सल पक्षी' वाटतात आणि त्यांच्याविषयीचा निर्णय चटकन होतो. काहींबाबत मन अडखळते. एक मांडणी छापायची आणि तिला हादरे देणारा निबंधही चार वर्षांनी आपणच छापायचा, ही या पत्रिकेची रीत पुढेही वारंवार दिसेल.

१२/ १९७२ हे वर्ष विशेष. टोरांटोचे फर्गस क्रेक आणि रॉबर्ट लॉकहार्ट यांनी 'प्रक्रियेचे स्तर' ही कल्पना मांडली. शब्द ठळक अक्षरात होता का, हे पाहणे ही उथळ प्रक्रिया. तो कशाशी यमक साधतो, ही त्याहून खोल. त्याचा अर्थ वाक्यात बसतो का, ही सर्वांत खोल. प्रक्रिया जितकी खोल, तितकी खूण टिकाऊ. प्रश्नाचा रोख 'स्मृती कोणत्या कप्प्यात आहे?' येथून 'मनाने त्या गोष्टीचे काय केले?' येथे सरकला. हा निबंध आजवर दहा हजारांहून अधिक वेळा संदर्भिला गेला आहे.

१३/ त्याच खंडात जॉन ब्रान्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांचाही निबंध आहे. त्यांनी लोकांना एक परिच्छेद ऐकवला. त्यातील शब्द सोपे, वाक्येही सरळ, परंतु एकूण कशाविषयी चालले आहे ते उमगेना. काहींना आधीच सांगितले होते, की हे कपडे धुण्याविषयी आहे. त्यांना परिच्छेद समजला आणि पुष्कळ आठवलाही. ज्यांना विषय नंतर सांगितला, त्यांना त्याचा जवळजवळ उपयोग झाला नाही. पूर्वसंदर्भावाचून मजकूर मनात ठरत नाही. एखादे पत्र कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी लिहिले हे ठाऊक नसताना ते वाचणाऱ्याची अवस्था अशीच होते.

१४/ स्तरांच्या कल्पनेचे पुढे काय झाले? १९७७ साली डॉनल्ड मॉरिस, ब्रान्सफर्ड आणि जेफरी फ्रँक्स यांनी तिला मर्यादा घातली. शिकताना अर्थाकडे लक्ष दिलेल्यांना नेहमीच्या चाचणीत अधिक आठवले, हे खरे. परंतु चाचणीच यमकांवर बेतली, तर यमकाकडे लक्ष देऊन शिकलेले सरस ठरले. 'खोल' म्हणजे सर्वकाळ 'उत्तम' असे नव्हे. शिकण्याची रीत आणि पुढे विचारण्याची रीत जुळणे महत्त्वाचे. हा निबंधही त्याच पत्रिकेत आला.

१५/ आता सर्वांत गाजलेल्या निबंधाकडे येऊ. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या सात लहान चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न सर्वांना सारखाच, केवळ क्रियापद निराळे. गाड्या एकमेकींवर 'जोरात आदळल्या' तेव्हा वेग किती होता, असे विचारले, तर उत्तरांची सरासरी ताशी ४० मैलांच्या थोडी वर गेली. 'धडकल्या' म्हटले तर ३४. 'संपर्कात आल्या' म्हटले तर ३२ च्याही किंचित खाली.

१६/ यावर शंका घेता येते, की लोकांनी प्रश्नाच्या सुरावरून केवळ अंदाज बदलला असेल, आठवण बदलली नसेल. म्हणून दुसरा प्रयोग झाला. १५० विद्यार्थ्यांनी एक चित्रफीत पाहिली. ५० जणांना 'जोरात आदळल्या' या शब्दांत वेग विचारला, ५० जणांना 'धडकल्या' या शब्दांत, तर ५० जणांना वेगाविषयी काहीच विचारले नाही. आठवड्याने सर्वांना प्रश्न केला : फुटलेली काच पाहिलीत का? चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. तरीही 'जोरात आदळल्या' गटातील १६ जणांनी होकार दिला, 'धडकल्या' गटातील ७ जणांनी आणि तिसऱ्या गटातील ६ जणांनी.

१७/ आकडे नीट पाहा. पहिल्या गटातही ३४ जणांनी 'नाही' असेच उत्तर दिले. स्मृती सर्वस्वी फसवी असते, असे हा प्रयोग सांगत नाही. घटनेनंतर मिळालेली माहिती, अगदी प्रश्नातले एक क्रियापददेखील, काहींच्या आठवणीत मिसळते आणि पुढे मूळ व भर वेगळे करणे त्या व्यक्तीलाच अवघड जाते, एवढेच तो सांगतो. या संशोधनधारेचा परिणाम प्रयोगशाळेबाहेर झाला. साक्षीदाराला प्रश्न कसे विचारावेत, या चर्चेत लॉफ्टस यांचे काम आजही आधारभूत आहे आणि त्यांनी स्वतः न्यायालयांत तज्ज्ञ म्हणून साक्षी दिल्या.

१८/ मराठी इतिहासलेखनात हा वाद आपल्या परीने झालेलाच आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे आपली बखर लिहिली ती शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सुमारे दीड दशकाने. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड काढणारे वि. का. राजवाडे बखरींहून समकालीन अस्सल कागदांना अधिक प्रमाण मानत. त्यांची कसोटी पुराव्याच्या तर्कातून आलेली. लॉफ्टस यांची प्रयोगातून. दोन्ही एकाच जागी पोचतात : घटना आणि नोंद यांमध्ये किती काळ गेला आणि त्या काळात नोंद करणाऱ्याच्या कानांवर काय काय पडले, हे विचारल्यावाचून साक्ष वापरू नये. वापरूच नये, असे मात्र दोन्ही म्हणत नाहीत.

१९/ याच पानांवरचा पुढला निबंध तर समाजमाध्यमांवर इतिहास वाचणाऱ्यांनी भिंतीवर लावावा असा. १९७७ साली लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टॉपिनो यांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा बोलावले. दर वेळी ६० विधाने ऐकवून प्रत्येक विधान कितपत खरे वाटते, याला सात अंकी मोजपट्टीवर गुण द्यायला सांगितले. विधाने शक्य कोटीतली, पण सहसा कोणाला ठाऊक नसलेली. त्यांत २० विधाने तिन्ही वेळा तीच होती. बाकीची दर वेळी नवी.

२०/ नव्या विधानांचे गुण जागच्या जागी राहिले. पुनरावृत्त विधानांचे वाढत गेले आणि त्यांतली खरी असोत वा खोटी, वाढ दोन्हींत झाली. कोणीही पुरावा दिला नव्हता, कोणीही समजूत घातली नव्हती. केवळ ओळख वाढली आणि ओळखीलाच मनाने सत्याची खूण मानले. पुढे २०१५ साली लिसा फाझिओ आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका पत्रिकेत दाखवले, की योग्य उत्तर मुळात ठाऊक असलेल्यांवरही हा परिणाम होतो. म्हणून एखादा 'ऐतिहासिक' दावा पाचव्यांदा समोर आल्यावर पटू लागला, तर पटण्याचे कारण पुरावा आहे की परिचय, हे स्वतःला विचारावे. हा थ्रेडही त्याला अपवाद नाही.

२१/ इथवर निष्कर्षांविषयी बोललो. पत्रिकेचा सर्वांत दूरगामी परिणाम मात्र एका पद्धतिविषयक निबंधातून झाला, असे मला वाटते. १९७३ साली स्टॅनफर्डचे हर्बर्ट क्लार्क यांनी आपल्याच शाखेतील प्रचलित रीतीवर बोट ठेवले. समजा, क्रियापदांपेक्षा नामे लवकर वाचली जातात, असे सिद्ध करायचे आहे. वीस नामे आणि वीस क्रियापदे निवडली, चाळीस लोकांना वाचायला दिली. फरक दिसला. हा निष्कर्ष कोणाला लागू? त्या चाळीस लोकांपलीकडच्या माणसांना लागू आहे का, हे संशोधक संख्याशास्त्राने तपासत. परंतु त्या वीस नामांपलीकडच्या नामांना लागू आहे का, हे तपासलेच जात नसे.

२२/ माणसे जशी मोठ्या समूहातून उचललेला नमुना असतात, तसे शब्दही भाषेतून उचललेला नमुनाच असतात. वीस नामांतली दोन-तीन योगायोगाने फारच परिचित असली, तर फरक नामत्वाचा नसून त्या दोन-तीन शब्दांचा असू शकतो. एडमंड कोलमन यांनी १९६४ सालीच हा इशारा दिला होता. क्लार्क यांनी तो गणितासह असा मांडला, की दुर्लक्ष करणे शक्य राहिले नाही. त्यानंतर माणसांगणिक एकदा आणि शब्दांगणिक एकदा असे दुहेरी विश्लेषण करणे हा शाखेचा दंडक बनला. चार गावांच्या कागदांवरून 'मराठेशाहीत असे होते' म्हणणाऱ्यालाही क्लार्क यांचा प्रश्न तसाच लागू पडतो.

२३/ नामांतराचा प्रसंग आता अधिक स्पष्ट होतो. उल्रिक नायसर यांच्या १९६७ सालच्या ग्रंथाने 'बोधनिक मानसशास्त्र' हे नाव रूढ केले. १९७० साली 'कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी', १९७२ साली 'कॉग्निशन' आणि १९७३ साली 'मेमरी अँड कॉग्निशन' या पत्रिका निघाल्या. जुन्या 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल सायकॉलॉजी' चे १९७५ साली भाग पडले आणि त्यांतल्या एकाच्या नावात १९८२ साली 'कॉग्निशन' हा शब्द आला. 'शाब्दिक वर्तन' हे नाव १९८५ साली उतरले, तेव्हा आतला मजकूर कधीच बदललेला होता. क्रांती आधी पानांवर झाली; मुखपृष्ठाला ती कळायला जवळजवळ वीस वर्षे लागली.

२४/ पत्रिकेचा 'प्रभाव' मोजायचा कसा? आज त्यासाठी 'इम्पॅक्ट फॅक्टर' वापरतात. ही कल्पना यूजीन गारफिल्ड यांची. आदल्या दोन वर्षांत पत्रिकेत आलेल्या लेखांना यंदा किती संदर्भ मिळाले, त्या संख्येला त्या लेखांच्या संख्येने भागायचे. ग्रंथालयांनी कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवायला हे साधन उपयोगी होते. नेमणुका आणि बढत्या त्यावर ठरू लागल्या, तेव्हा अडचण झाली. या दुरुपयोगाविरुद्ध २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संशोधन-मूल्यमापनाविषयीचे एक घोषणापत्र तयार झाले आणि त्यावर जगभरातून सह्या झाल्या.

२५/ दोन वर्षांच्या खिडकीतून काय दिसत नाही, याचे उदाहरण क्लार्क यांचाच निबंध. त्याची दुसरी पिढी अवतरली ती पस्तीस वर्षांनी. २००८ साली त्याच पत्रिकेने विश्लेषणपद्धतींवर विशेषांक काढला आणि त्यात हॅराल्ड बायेन, डग्लस डेव्हिडसन व डग्लस बेट्स यांनी माणसे आणि शब्द या दोहोंतील भिन्नता एकाच प्रतिमानात एकत्र हाताळण्याची रीत समजावून दिली. संगणकाच्या बळावर क्लार्क यांची अडचण अखेर नेटकेपणाने सुटली. या निबंधाला हजारो संदर्भ मिळाले आणि भाषाविज्ञानासह अनेक शाखांनी ती रीत उचलली.

२६/ वाद तिथेही थांबला नाही. २०१३ साली डेल बार आणि सहकाऱ्यांनी प्रतिमानात भिन्नतेचे सर्व संभाव्य स्रोत घ्यावेत, असा आग्रह धरला. २०१७ साली हानेस माटुशेक आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले, की अशाने खरा परिणाम हुकण्याचा धोका वाढतो, तोल साधावा. दोन्ही निबंध याच पत्रिकेतले. १९७३ चा प्रश्न, २००८ चे उत्तर, २०१३ चा आग्रह, २०१७ ची दुरुस्ती. एका पत्रिकेच्या पानांवर चव्वेचाळीस वर्षे चाललेला हा एकच संवाद आहे आणि तो कोणत्याही एका आकड्यात मावत नाही.

२७/ मर्यादाही सांगायला हव्यात. या प्रयोगांतील बहुतेक माणसे उत्तर अमेरिका वा युरोपातील महाविद्यालयीन विद्यार्थी आणि बहुतेक शब्द इंग्रजी. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले, की पाश्चात्त्य, सुशिक्षित, संपन्न समाजांतील नमुन्यावरून 'मनुष्यमात्रा'विषयी बोलण्याची सवय मानसशास्त्राला जडली आहे. क्लार्क यांचाच प्रश्न, शब्दांऐवजी समाजांना आणि भाषांना विचारलेला. मराठीत वाक्य क्रियापदाने संपते, विभक्ती नामाला चिकटते, लिपी देवनागरी. इंग्रजी वाचकाच्या मनाविषयीचे सगळेच निष्कर्ष अशा भाषेला जसेच्या तसे लागू होतील, असे गृहीत धरता येत नाही.

२८/ शेवटचा टप्पा अलीकडचा. २०१९ साली पत्रिकेने नियम केला, की लेखासोबत त्यामागची मूळ आकडेवारी आणि विश्लेषणाचा संगणकीय कोड प्रसिद्धीपर्यंत खुला झालाच पाहिजे. नियमाचे फळ काय? २०२२ साली आना लाउरिनाविच्युटे, हिमांशु यादव आणि श्रवण वसिष्ठ यांनी नियमापूर्वीचे ५९ आणि नंतरचे ५९ लेख तपासले. आकडेवारी खुली करण्याचे प्रमाण बरेच वाढले होते. पण नियमानंतरच्या ५९ पैकी ८ लेखांची आकडेवारी तरीही हाती लागली नाही आणि छापलेले निष्कर्ष त्याच आकडेवारीतून पुन्हा काढता आले, असे लेख कसोटीच्या काटेकोरपणानुसार ३४ ते ५६ टक्केच निघाले.

२९/ त्यांना आढळले, की विश्लेषणाचा कोड सोबत असणे हाच यशाचा सर्वांत प्रबळ गमक होता. त्याने निष्कर्ष पुन्हा निघण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढत होती. नुसती साधने जतन करून भागत नाही, त्यांच्यापासून निष्कर्षापर्यंतची वाटही नोंदवावी लागते. टुलविंग यांचा १९६६ चा भेद इथे पुन्हा भेटतो. आणि पत्रिकेचे वाभाडे काढणारा हा निबंध छापला कोणी? 'जर्नल ऑफ मेमरी अँड लँग्वेज' नेच.

३०/ साठ वर्षांच्या या प्रवासात पत्रिकेने नाव बदलले, परिभाषा बदलली, गणित बदलले. संपादकांनी आपल्याच पानांवर आलेल्या मांडणीची उलटतपासणी छापायची सवय मात्र सोडली नाही. इतिहास वाचणाऱ्यांनी या पत्रिकेकडून घ्यावे ते हेच. आवडता सिद्धांत असो वा आवडता नायक, त्याच्याविरुद्धचा पुरावाही त्याच आस्थेने वाचावा.

पुढल्या थ्रेडमध्ये गारफिल्ड यांच्या संदर्भसूचीचा इतिहास पाहू. तोवर एक प्रश्न तुम्हांसाठी : इतिहासातील असा कोणता दावा आहे, जो तुम्हाला 'माहीतच' आहे, पण त्याचे मूळ साधन तुम्ही कधी पाहिलेले नाही? खाली लिहा. उत्तरे वाचून एकेका दाव्याचे मूळ आपण मिळून शोधू.